पहिल्यांदा ऐकणारा कान

माझ्या फोनमध्ये दोनशेच्या वर रेकॉर्डिंग पडून आहेत. बहुतेक अर्ध्या-पाऊण मिनिटाची. कुठे मागे कुकरची शिट्टी, कुठे एसटीचा हॉर्न, आणि पुढे माझं गुणगुणणं. नोकरी सांभाळून कवितांना चाली लावणाऱ्या कुणाच्याही फोनमध्ये अशी अडगळ सापडेल. त्यातल्या एखाद्या चालीला अंतरा सापडतो, ठेका बसतो, आणि मग ती कुणाला तरी ऐकवावीशी वाटते. पूर्वी त्यासाठी पेटी काढून चार जणांना घरी बोलवावं लागे. आता एक बटण दाबलं की नाशिकपासून न्यू जर्सीपर्यंत कुणीही ऐकू शकतं.

गेली काही वर्षं मी माझ्या चाली ऑनलाइन टाकतो, इतरांच्या ऐकतो, त्यांच्यावर बोलतो. त्यात एक गोष्ट पक्की कळली. आपली चाल आपल्याला पहिल्यांदा कधीच ऐकता येत नाही. ती पूर्ण होते तोवर आपण ती पन्नास वेळा ऐकून झालेलो असतो. म्हणून पहिल्यांदा ऐकणारा कान दुसऱ्याकडून आणावा लागतो, आणि त्या माणसाकडूनही तो एकदाच मिळतो. फाईल खराब गेली, आवाज दबला, प्रश्न चुकीचा विचारला, की तो कान खर्ची पडला. या लेखात चाल आपल्या डोक्यातून निघून दुसऱ्याच्या कानात पोहोचेपर्यंत तिचं काय काय होतं ते सांगतो. त्यात थोडं विज्ञान येईल, थोडा कायदा येईल. दोन्ही वाटतात तेवढे अवघड नाहीत.

आपलाच कान आपल्याला का फसवतो

१९९० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने एक साधा प्रयोग केला. काही जणांना सर्वांच्या ओळखीची गाणी देऊन सांगितलं, टेबलावर बोटांनी नुसती लय वाजवा. समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्म्या वेळा तरी ओळखतील. अशी १२० गाणी वाजवली गेली आणि ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू होतं, शब्द, सूर, साथीसकट. समोरच्याला नुसती टकटक ऐकू येत होती.

चाल लावणाऱ्याची अवस्था अगदी हीच असते. आपण फोनवर गुणगुणतो तेव्हा आपल्याला व्हायोलिन ऐकू येत असतात, अंतऱ्याआधीचा बासरीचा पीस ऐकू येत असतो, ‘इथे कोरस येणार’ हेही ठरलेलं असतं. ऐकणाऱ्याला येतो तो एक माणूस, पंख्याचा आवाज आणि थोडासा बेसूर षड्‌ज.

दुसरं कारण सवयीचं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्क यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की केवळ तेवढ्यानेच ती आवडू लागते. चालीतली एखादी अवघडलेली जागा विसाव्यांदा ऐकताना खटकत नाही, चाळिसाव्यांदा तर तीच खास वाटू लागते. ती सुधारली म्हणून नव्हे, आपल्याला सवय झाली म्हणून.

तिसरं कारण जास्त धोक्याचं. आपल्याला सुचलेली चाल कधी कधी आठवलेली असते. बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनी यांना ‘येस्टरडे’ची चाल झोपेतून उठताना डोक्यात सापडली, आणि ती इतकी पूर्ण होती की त्यांना तिचाच संशय आला. कितीतरी दिवस ते भेटेल त्याला ऐकवून विचारत राहिले, ‘ही आधी कुठे ऐकली आहेस का?’ कुणीच हो म्हणालं नाही, तेव्हा त्यांनी ती आपली मानली. त्यांचेच सहकारी जॉर्ज हॅरिसन यांच्या ‘माय स्वीट लॉर्ड’वर मात्र खटला झाला आणि १९७६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की त्यांनी एका जुन्या गाण्याची चाल नकळत उचलली आहे. न्यायाधीशांनी त्यांच्यावर लबाडीचा ठपका ठेवला नाही. जाणूनबुजून केलेलं नाही, पण झालं आहे, असं म्हटलं. एवढ्या मोठ्या माणसाला जे कळलं नाही ते आपल्याला घरात बसून एकट्याने कळेल, असं धरून चालू नये. चाल चार जणांना ऐकवून ‘ही कशाची आठवण करून देते?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ काम होतं.

आपल्याकडे यात एक गुंता आहे. दोन चाली भूप रागात असल्या की त्या एकमेकींच्या बहिणी वाटणारच. राग कुणाच्या मालकीचा नसतो आणि ‘सा रे ग प’ असं चढत जाणं हीही कुणाची निर्मिती नव्हे. त्यामुळे ‘हे त्या गाण्यासारखं वाटतंय’ असं कुणी म्हटलं की घाबरून चाल टाकून देऊ नका. नेमकं काय सारखं आहे ते विचारा. राग सारखा, ठेका सारखा, की मुखड्याची ओळच्या ओळ त्याच स्वरांतून त्याच लयीत जाते? पहिली दोन साम्यं चालतात. तिसरं असेल तर ओळ बदलायला हवी.

शब्द अर्धी चाल घेऊनच येतात

एक उदाहरण जवळून बघू. बालकवींची ओळ सगळ्यांना पाठ आहे: ‘श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे’. मात्रा मोजा. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराआधीचं अक्षर ऱ्हस्व असलं तरी त्यावर आघात येतो म्हणून त्याच्याही दोन. ‘श्रावणमासी’च्या आठ. ‘हर्ष मानसी’च्या आठ. ‘हिरवळ दाटे’च्या आठ. ‘चोहिकडे’च्या सहा. म्हणजे आठ, आठ, आठ, सहा, आणि पुढे दोन मात्रा श्वासाला.

आता केरवा हा ताल धरा. त्याच्याही मात्रा आठच. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आपोआप ‘श्रा’, ‘ह’, ‘हि’ आणि ‘चो’ येतात. शाळेत वर्गच्या वर्ग ही कविता एकाच हेलात म्हणतो, त्याला कुणी शिकवावं लागत नाही, कारण हेल शब्दांतच आहे. म्हणूनच या कवितेला दहा जणांनी चाल लावली तर दहाही जणांच्या सम त्याच अक्षरांवर पडतील आणि सगळ्या चाली थोड्याफार सारख्या वाटतील.

मला त्या हेलातून सुटायचं होतं, म्हणून मी ठेका बदलून दादरा घेतला. सहा मात्रा. आठ मात्रांचे शब्द सहा-सहाच्या दोन आवर्तनांत बसवायचे म्हणजे काही अक्षरं ताणावी लागतात. मी ताणली, रेकॉर्ड केलं, टाकलं. खाली ‘छान’, ‘मस्तच’, ‘अप्रतिम’ असं बरंच काही आलं, हात जोडलेली चित्रंही आली. आणि एका अनोळखी बाईंनी लिहिलं: “०:४१. ‘हर्ष’मधला ‘र्ष’ तीन मात्रा ओढला आहे. मला ‘हर्षा’ ऐकू येतंय. हर्षा कोण?”

मी परत ऐकलं. खरंच ‘हर्षा’. ‘हर्‌’ला तीन मात्रा आणि ‘ष’ला तीन, असं मी सरळ समान वाटप केलं होतं. पण दीर्घ अक्षर ताणलं तर शब्द टिकतो, ऱ्हस्व अक्षर ताणलं की शब्द बदलतो. मी ‘ह’वर एक छोटी मुरकी, म्हणजे स्वरांची झटकन गिरकी, घेऊन पाच मात्रा तिथेच घालवल्या आणि ‘र्ष’ शेवटच्या एका मात्रेत टाकला. शब्द जागेवर आला, आणि त्या मुरकीमुळे चालीला जो चेहरा आला तो आधी नव्हता. साठ वेळा ऐकून मला जे सापडलं नव्हतं ते त्या बाईंना पहिल्या खेपेला सापडलं. कवितेचे शब्द मला पाठ होते, त्यामुळे मी ते ऐकतच नव्हतो. त्या ऐकत होत्या.

त्या प्रतिसादात तीन गोष्टी होत्या: वेळ, काय ऐकू आलं, आणि त्याचा परिणाम. उपाय नव्हता, आणि तो नसणंच मला बरं वाटतं. ऐकणाऱ्याला कुठे खटकलं हे तो जवळजवळ नेहमी बरोबर सांगतो. काय करावं हे सांगायला लागला की मात्र तो स्वतःची चाल लावू लागतो. ‘इथे तीव्र मध्यम घे’ असं कुणी सांगितलं तर तीव्र मध्यमाचा विचार नंतर करा, आधी ‘इथे’ या शब्दाकडे बघा. तिथे काहीतरी अडलेलं आहे.

साउंडक्लाउड ही सेवा या शतकाच्या पहिल्या दशकाच्या शेवटी सुरू झाली. आवाजाची लहर पडद्यावर काढून त्या लहरीवर नेमक्या क्षणाला प्रतिसाद चिकटवायची सोय तिने दिली, तेव्हा हौशी संगीतकारांमधली चर्चाच बदलली. ‘गाणं आवडलं’ असं मोघम बोलण्याऐवजी लोक ‘इथे’ म्हणू लागले. जिथे अशी सोय नाही तिथे वेळ हाताने लिहा. ‘१:१२ ला माझं लक्ष उडालं’ हे वाक्य लिहिणाऱ्याला कठोर वाटतं, पण मिळणाऱ्याला त्याहून उपयोगी काही नसतं.

विचारणाऱ्यानेही नीट विचारलं पाहिजे. ‘कशी वाटली?’ या प्रश्नाला ‘छान’ हेच उत्तर आहे. तो प्रश्न चालीबद्दल नसतो, आपल्या मैत्रीबद्दल असतो, आणि समोरचा मैत्रीचं उत्तर देतो. त्याऐवजी विचारा: कोणता शब्द कळला नाही? अंतऱ्यावरून ध्रुवपदावर परत येताना धक्का बसला का? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विचारा, पुन्हा न ऐकता मुखडा गुणगुणून दाखवता येतो का? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात जी ओळ चुकीची येते ती फार लक्ष देऊन ऐका. माणसं विसरताना चाल सोपी करतात, आणि कधी कधी ती सोपी केलेली ओळच जास्त चांगली असते.

आणि सगळ्यांचे कान एकदम खर्च करू नका. कच्ची चाल दोघांना पाठवा. दुरुस्त केलेली दुसऱ्या तिघांना. पहिल्या दोघांना ‘आता सुधारली का?’ विचारण्यात फारसा अर्थ नाही, त्यांनाही आता सवय झाली आहे.

फाईल जाते म्हणजे काय जातं

आवाज म्हणजे हवेचा दाब वर-खाली होणं. संगणक त्या दाबाचे सेकंदाला हजारो वेळा मोजमाप घेतो. सीडीसाठी ते सेकंदाला ४४,१०० वेळा घेतात, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी. याच मोजमापांची साधी यादी म्हणजे वेव्ह फाईल. चार मिनिटांचं गाणं साधारण ४० एमबीचं होतं.

एमपीथ्री हीच यादी कशी लहान करते? कानाची एक खोड वापरून. मोठा आवाज चालू असताना त्याच्या आसपासच्या उंचीचा बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. लग्नात बँड वाजत असताना शेजारच्याच्या बांगड्या ऐकू येत नाहीत, तसंच. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी, इतरांच्या साथीने, हे नेमकं मोजून जे ऐकू येणार नाही ते गाळायची पद्धत बसवली. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ हजार बिट) एमपीथ्रीत मूळ यादीचा साधारण अकरावा हिस्सा उरतो आणि तरी गाणं गाणंच वाटतं. मात्र आधीच गाळलेली फाईल पुन्हा गाळली की जखम दिसू लागते. झांजांचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा येतो, तंबोऱ्याचा झंकार खरखरतो. म्हणून मूळ वेव्ह फाईल कायम जपून ठेवा आणि दर वेळी तिच्यावरूनच नवीन प्रत काढा.

व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून चाल पाठवणं हा आपल्याकडचा सर्रास प्रकार. ती सोय बोलण्यासाठी बनवलेली आहे आणि आवाज अतिशय आवळते. बोलणं कळतं, स्वरांची कड जाते. तीच फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की जशीच्या तशी जाते. एवढा एक बदल केला तरी ऐकणाऱ्याचा पहिला अनुभव पालटतो.

ऑनलाइन बैठकीत याहून वाईट घडतं. झूमसारख्या ॲपना सलग, न बदलणारा आवाज म्हणजे गोंगाट वाटतो, पंख्याचा किंवा एसीचा. तो आवाज ती काढून टाकतात. आता आपल्याकडे सलग, न बदलणारा आवाज कोणता? तंबोरा. गाणारा डोळे मिटून तंबोऱ्यावर गातोय आणि ऐकणाऱ्यांना तंबोराच नाही. मधेच आवाज येतो, मधेच गायब होतो, आणि लोकांना वाटतं गायक बेसूर आहे. झूममध्ये संगीतासाठी ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय आहे, ती चालू केली की ही साफसफाई थांबते. बैठक भरवणाऱ्याने सुरुवातीलाच सगळ्यांना ती चालू करायला सांगावी.

फोनच्या स्पीकरची आणखी एक गोष्ट. दोन-तीनशे हर्ट्‌झच्या खालच्या आवाजात तो फार दुबळा असतो आणि डग्ग्याचा घुमार बहुतेक त्याच्या खालीच असतो. तरी फोनवर ठेका पूर्ण हरवत नाही, याचं कारण मेंदू. खालचा मूळ स्वर गेला तरी त्याचे वरचे अंशस्वर, म्हणजे त्याच्याबरोबर उमटणारे बारीक उंच स्वर, ऐकून मेंदू मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. पण ते अंशस्वर रेकॉर्डिंगमध्ये असायला हवेत. डग्गा नुसता ‘घुम्म’ असा घेतला असेल तर फोनवर तो नाहीसाच होतो. त्यामुळे रेकॉर्डिंग पाठवण्याआधी एकदा हेडफोनवर आणि एकदा फोन टेबलावर ठेवून, दोन्ही प्रकारे ऐकावं. बहुतेक लोक दुसऱ्याच प्रकारे ऐकणार आहेत.

आवाज मोठा करण्याच्या मागे लागू नका. दोन गाण्यांत जे किंचित मोठं असतं ते कानाला चांगलं वाटतं, म्हणून ‘माझं गाणं इतरांपेक्षा मऊ वाटतंय’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळी गाणी उणे १४ एलयूएफएस (ऐकू येणारा मोठेपणा मोजायचं एकक) या एका सरासरी पातळीला आणून वाजवतं. तुम्ही कितीही दाबून मोठं केलेलं असलं तरी ते खाली उतरवलं जातं. मग मोठेपणा जातो आणि दाबून दाबून सपाट झालेली लय तेवढी उरते. तबलजीने हलक्या हाताने लावलेली लग्गी त्यात सगळ्यात आधी मरते.

एका गाण्याचे तीन मालक

आता कायदा. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. गाण्याकडे तो एकसंध वस्तू म्हणून बघत नाही. शब्द वेगळे, चाल वेगळी, ध्वनिमुद्रण वेगळं. संगीताच्या व्याख्येत तर स्पष्टच म्हटलं आहे की गायचे शब्द त्यात धरायचे नाहीत. तुम्ही कुसुमाग्रजांच्या कवितेला चाल लावलीत तर चाल तुमची, पण शब्द त्यांच्या हक्कदारांचे.

शब्दांवरचा हक्क कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगी हवी. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांच्या कविता १ जानेवारी २०१७ पासून सर्वांच्या झाल्या. बालकवी १९१८ मध्येच गेले आणि भा. रा. तांबे १९४१ मध्ये, त्यामुळे तिथे प्रश्नच नाही. निधनानंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाचा हिशेब मात्र प्रकाशनापासून होतो. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, म्हणून तिथे मोजणी १९५२ नंतर सुरू करायची. तीही २०१२ अखेर संपली.

इथेच पुष्कळ जण ठेच खातात. ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग सगळ्यांचे आहेत म्हणून त्यांच्या प्रसिद्ध चालीही सगळ्यांच्या आहेत असं समजतात. शब्द शेकडो वर्षांपूर्वीचे असले तरी चाल श्रीनिवास खळ्यांची असेल, तर चालीवरचा हक्क आजही शाबूत आहे. तांब्यांचे शब्द मोकळे झाले, पण त्यांना वसंत प्रभूंनी लावलेल्या चाली त्यामुळे मोकळ्या झाल्या नाहीत. त्या शब्दांना तुम्ही नवी चाल लावू शकता. जुनी चाल उचलू शकत नाही.

हयात कवीला विचारायला संकोच वाटतो, पण विचारावं. माझा अनुभव असा की पत्र नीट लिहिलं, चाल सोबत पाठवली, की कवी बहुधा आनंदाने हो म्हणतात. उत्तर लेखी घ्या, ईमेल पुरे. आणि गाण्याखाली कवीचं नाव पहिलं लिहा.

तुमच्या चालीचं काय? ती तयार झाली की हक्क आपोआप तुमचा, नोंदणीची सक्ती नाही. १९९४ च्या दुरुस्तीआधी मात्र कायद्याला चाल लिहिलेली लागत असे. ज्या देशात संगीत हजारो वर्षं कानावरून कानावर चालत आलं तिथे हा नियम किती अन्यायाचा होता! आता गायलेलं, रेकॉर्ड केलेलंही चालतं. तरी वाद झालाच तर कधी केली हे दाखवावं लागतं. त्यासाठी तारखांसकट सगळ्या कच्च्या फाईली ठेवा. कुकरच्या शिट्टीचं ते पहिलं रेकॉर्डिंगसुद्धा. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवून बंद ठेवायची पद्धत अजून सांगितली जाते, तिच्यावर विसंबू नये. त्यापेक्षा नोंदणी करावी, एका संगीतकृतीचं सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. कुणी दुसऱ्याने तुमची चाल गायली असेल तर त्या गायनावर गाणाऱ्याचाही हक्क असतो, ५० वर्षांचा. घरचं माणूस असलं तरी विचारून मगच टाका.

व्यावसायिक गाण्यांसाठी २०१२ च्या दुरुस्तीने एक मोठी गोष्ट केली. गीतकार-संगीतकाराने रॉयल्टीतला आपला वाटा निर्मात्याला लिहून दिला तरी तो जात नाही. वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच तो देता येतो. अशी सोसायटी म्हणजे १९६९ पासूनची आयपीआरएस. हौशी माणसाची कमाई यातून फारशी होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं आधीच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याचे पैसेच धरले जात नाहीत.

यूट्यूबवर गाणं टाकलं की कॉन्टेंट आयडी नावाची यंत्रणा ते तपासते. हक्कदारांनी दिलेल्या गाण्यांचे ध्वनीचे ठसे तिच्याकडे असतात आणि प्रत्येक नवीन फाईल त्यांच्याशी ताडून पाहिली जाते. यात हौशी संगीतकाराची गोची होते ती तयार लूपमुळे, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायच्या आयत्या तुकड्यामुळे. तबल्याचा एकच लूप शेकडो लोक वापरतात. त्यातल्या कुणी आपलं गाणं लूपसकट त्या यंत्रणेत नोंदवलं, की त्या लूपचा ठसा त्याच्या नावावर लागतो आणि तुमच्या गाण्यावर दावा येतो. नियमांनुसार असं सामायिक साहित्य नोंदवायचं नसतं, पण होतं. घाबरून गाणं काढू नका. लूप कुठून, कोणत्या परवान्याने घेतला ते लिहून दाव्याला हरकत घ्या. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात आणि त्याने उत्तर दिलं नाही तर दावा सुटतो. सगळ्यात उत्तम म्हणजे ओळखीच्या तबलजीकडून दोन आवर्तनं वाजवून घ्या. ठेका जिवंत होईल आणि ठसाही तुमचाच असेल.

साडेबारा हजार किलोमीटर

माझी भाची न्यू जर्सीत असते. गळा चांगला आहे. ‘मामा, आपण ऑनलाइन एकत्र गाऊ’ म्हणून आम्ही एकदा प्रयत्न केला आणि दोन ओळींत थांबलो. मी समेवर यायचो तेव्हा ती मागे असायची, ती मला गाठायला धावायची तर मी तिला ऐकून संथ व्हायचो.

हे नेटच्या स्पीडने सुटणारं नाही. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सगळं आदर्श असलं तरी एका बाजूने जायलाच साठ-बासष्ट सहस्रांश सेकंद लागतात. प्रत्यक्षात तार वळणावळणाने जाते, मधे यंत्रं असतात, आणि वेळ त्याहून बराच वाढतो. हवेत आवाज दहा मीटर जायला सुमारे तीस सहस्रांश सेकंद घेतो. रंगमंचावर दहा मीटरवरच्या तबलजीबरोबर गायला जेवढं अवघड जाईल, त्याच्या दुपटीहून जास्त अडचण इथे पहिल्या पावलालाच आहे.

म्हणून दूरची माणसं एकत्र गात नाहीत, एकावर एक गातात. मी तंबोरा, ठेका आणि माझ्या आवाजातलं कच्चं गाणं एका फाईलमध्ये पाठवलं. तिने ते हेडफोनवर ऐकत स्वतःचा आवाज वेगळा रेकॉर्ड केला. दोन फाईली नंतर जुळाव्यात म्हणून सुरुवातीला एक टाळी द्यायची असं ठरलं होतं. लहरीत टाळीचा काटा उंच दिसतो आणि दोन काटे एका रेषेत आणले की झालं. त्याआधी पट्टीवरून थोडी घासाघीस झाली. मी काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी ‘सा’ धरून, चाल बांधली होती, मुखडा खर्जाकडे उतरत होता. ती म्हणाली, “मामा, ‘चोहिकडे’ला मला नुसती हवा ऐकू येते माझी.” तिच्यासाठी सगळं काळी चारमध्ये नेलं.

चौथ्या दिवशी तिची फाईल आली. ऑफिसातून आल्यावर मी हेडफोन लावले. आधी टाळी. मग तिच्या खोलीतली शांतता, दूरवर कुठेतरी गाडी गेली. मग तिने श्वास घेतला आणि ‘श्रा’ उचलला, माझ्यापेक्षा किंचित उशिरा, समेच्या अंगावर रेलून. ‘हर्ष’ला माझी मुरकी तिने घेतलीच नव्हती, तिथे सरळ एक लांब मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, होती, आणि ‘र्ष’ नेमका शेवटच्या मात्रेत. साठ वेळा ऐकलेल्या त्या ओळीत पुढे काय येणार हे मला माहीत नव्हतं. मी फाईल थांबवली, मागे नेली, आणि मग पुन्हा लावायच्या आधी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.